आधी डॅम्पर, मग काडी

ऑक्टोबरात मेपलची पानं गळायला लागली की मला फोन येऊ लागतात. बहुतेक नव्याने घर घेतलेल्या मराठी मंडळींचे. "काकू, आमच्या फॅमिली रूममध्ये खरी लाकडाची फायरप्लेस आहे. शनिवारी सगळे जमतायत, तेव्हा पेटवू म्हणतोय. लाकडं कुठे मिळतील?" मी लाकडाचं लगेच सांगत नाही. आधी विचारते, "डॅम्पर कुठे आहे ते बघितलंस का?" यावर पलीकडून जो 'अं?' ऐकू येतो, त्याच्यासाठी हे एकदा लिहून ठेवतेय.

मी मूळची राजापूर तालुक्यातली. चूल, वैल, बंब, शेगडी यांच्यातच वाढले. मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ (स्पेलिंग वाचून वॉर्सेस्टर म्हणू नका, इथली माणसं हसतात) आम्ही २०११च्या उन्हाळ्यात घर घेतलं, तेव्हा बैठकीतली विटांची फायरप्लेस बघून मला माहेर भेटल्यासारखं झालं. विस्तवाचं मला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

तो तोरा उतरला २९ ऑक्टोबरच्या रात्री. त्या वर्षी ऑक्टोबरातच मोठं हिमवादळ आलं. झाडांवर पानं तशीच होती, त्यांच्यावर ओला बर्फ साचला आणि फांद्या काडकन मोडून विजेच्या तारांवर पडल्या. वीज गेली, हीटर बंद. मी गॅरेजमधली जुन्या मालकांनी ठेवलेली लाकडं आणली, खाली वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि काडी लावली. जाळ झकास धरला. पण सगळा धूर जो खोलीत उलटला, तो छतापाशी काळ्या दुलईसारखा पसरला. स्मोक अलार्म किंचाळायला लागले, सहा वर्षांची लेक रडायला लागली, नवऱ्याने खिडक्या उघडल्या तर बाहेरून बर्फ आत. शेवटी शेजारचे आजोबा बॅटरी घेऊन आले. काही न बोलता त्यांनी लोखंडी सळई जाळाच्या वर आत घातली आणि कशाला तरी ढोसलं. 'खटाक' झालं, आणि कुणी हाक मारावी तसा धूर वळून वर निघून गेला.

ते खटाक म्हणजे डॅम्पर, धुराड्याच्या गळ्यातली झडप, उघडल्याचा आवाज. मग आजोबा जाळ विझेपर्यंत तिथेच बसून राहिले. जाताना म्हणाले, हे धुराडं शेवटचं कधी झाडलंय ते कळल्याशिवाय पुन्हा पेटवू नकोस.

धुराडं

ज्यांनी बंब बघितलाय त्यांना फायरप्लेस समजायला दोन मिनिटं लागतात. बंबाच्या मधोमध नळकांडं असतं, खाली जाळी. खालून हवा येते, तापते, हलकी होते आणि नळकांड्यातून वर ओढली जाते. ती ओढ आहे तोवर बंब धूर करत नाही, ढणढणतो. फायरप्लेसमध्ये हेच, फक्त नळकांडं पंचवीसेक फूट उंच आणि विटांचं. धुराला आपण वर ढकलत नाही, तापलेलं धुराडं त्याला ओढून घेतं. धुराडं थंडगार असेल तर त्यातली जड हवा खाली बसते आणि धूर तुमच्या तोंडावर येतो. आमचं धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं आहे, तीन बाजूंनी बर्फवारा खातं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं ते हमखास रुसतं. ज्यांचं धुराडं घराच्या पोटातून वर जातं ते नशीबवान.

डॅम्पर म्हणजे या नळकांड्याच्या गळ्याशी बसवलेली लोखंडी झडप. फायरप्लेस वापरात नसताना घरातली ऊब वर उडून जाऊ नये म्हणून ती बंद ठेवतात. दांडा कुणाकडे पुढे ओढायचा असतो, कुणाकडे मागे ढकलायचा, कुणाकडे साखळी असते आणि झडप थेट धुराड्याच्या डोक्यावर असते. म्हणून दिवसाउजेडी, राख थंड असताना, आत डोकं घालून बॅटरीने बघा. एकदा उघडा, एकदा बंद करा, कुठला आवाज कशाचा ते कानाला कळू द्या. धुराडं सरळ असेल तर उघडल्यावर आरशात आभाळाचा तुकडा दिसतो.

आमच्याकडे यावरून एक घोळ झाला तो सांगते. विसर पडू नये म्हणून मी दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती: 'उघडा'. म्हणजे डॅम्पर सध्या उघडा आहे. नवऱ्याने ती आज्ञा समजून वाचली, 'उघडा!', आणि आज्ञाधारकपणे दांडा फिरवून उघडा डॅम्पर बंद केला. सुदैवाने काडी लावायच्या आधी मी विचारलं. आता चिठ्ठीच्या एका बाजूला 'उघडा आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'बंद आहे' असं लिहिलंय. मराठी घरांनी ही खबरदारी जरूर घ्यावी.

घर नवीन घेतलं असेल तर पहिली काडी लावायच्या आधी धुराड्याची तपासणी करून घ्या. खरेदीच्या वेळी येणारा घर-तपासनीस खालून बॅटरी मारतो आणि 'ठीक दिसतंय' लिहितो, तेवढं पुरेसं नाही. इथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. दरवर्षी किमान पहिली करायची, आणि घराची मालकी बदलली की दुसरी, म्हणजे आत कॅमेरा सोडून करायची. आमच्याकडे कॅमेरा सोडला तेव्हा आतल्या मातीच्या अस्तराच्या दोन नळ्यांना तडा गेलेला दिसला. अशा तड्यातून आच थेट भिंतीतल्या लाकडी चौकटीपर्यंत पोचू शकते, आणि इथली घरं म्हणजे आतून लाकडाचा सांगाडाच. दुरुस्तीला चांगलाच खर्च आला. त्या वादळाच्या रात्री मी त्याच धुराड्याखाली जाळ केला होता हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

दुसरी वैरीण म्हणजे काजळी. आमच्या स्वयंपाकघराची भिंत काळी असायची तसली नव्हे, चिकट. लाकडाचा धूर थंड होताना धुराड्याच्या आतल्या अंगाला बसतो, त्याला क्रियोसोट म्हणतात. आधी ती भुरभुरीत असते, मग खपल्या धरते, आणि दुर्लक्ष केलं की डांबरासारखी चकचकीत होते. ती पेटते. थर एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर झाला की झाडून घ्यायची वेळ झाली असं समजा. आम्ही दर सप्टेंबरात माणूस बोलावतो, ऑक्टोबरात त्यांची तारीख मिळत नाही.

धुराड्याला मराठीत चिमणी म्हणतो, आणि इथे चिमणीत खरोखरच पाखरं घर करतात. चिमणी स्विफ्ट नावाचा छोटा काळपट पक्षी मे महिन्यात येतो आणि धुराड्याच्या आत काड्या लाळेने चिकटवून घरटं बांधतो. १९१८च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आत अंडी-पिल्लं असताना घरटं काढता येत नाही. सप्टेंबरपर्यंत ते दक्षिणेला निघून जातात. मग घरटं काढा, वर जाळीची टोपी बसवा. टोपीने पाऊस, खारी आणि वर उडणाऱ्या ठिणग्या तिन्ही अडतात.

(तुमच्याकडे गॅसची फायरप्लेस असेल, तर यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. आणि विटांऐवजी भिंतीत बसवलेला पत्र्याचा तयार डबा असेल, तर त्याच्या आतल्या पाटीवर लिहिलेल्या मापापेक्षा मोठी जाळी आणि मोठा जाळ करू नका. तो डबा विटांइतकं सोसत नाही.)

सरपण

'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण फायरप्लेसला लागू करू नका. ओलं लाकूड जळत नाही, उकळतं. टोकांना फेस येतो, सूं-सूं आवाज येतो, आणि सगळी ताकद पाणी वाफवण्यात गेल्यामुळे जाळ थंड राहतो. थंड जाळ म्हणजे जास्त धूर, आणि जास्त धूर म्हणजे ती चिकट काजळी.

लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या खाली हवं. ते मोजायला दोन टोकांचं छोटं यंत्र मिळतं. पण ते ओंडक्याच्या बाहेरून टोचू नका, लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. यंत्र नसेल तर आमच्या गावची रीत आहेच: दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुकी असतील तर खणखणीत आवाज येतो, ओली असतील तर भद्द. टोकांना उन्हाने पडतात तशा भेगा हव्यात, आणि हातात घेतल्यावर 'अगंबाई, एवढंच वजन?' असं वाटायला हवं. फोडून रचलेलं मेपल किंवा बर्च साधारण वर्षभरात सुकतं. ओक हट्टी असतो, त्याला दोन उन्हाळे द्या. 'सीझन्ड', म्हणजे सुकवलेलं, असं म्हणून ट्रकमधून येणारं लाकूड बऱ्याचदा गेल्या महिन्यात तोडलेलं असतं. मी पैसे द्यायच्या आधी ढीगभर लाकडातलं मधलं एक काढून, फोडून मोजते. विकणाऱ्याला आवडत नाही, पण आता तो ओळखतो.

माप कॉर्डचं असतं: चार फूट रुंद, चार उंच, आठ लांब, म्हणजे १२८ घनफूट. मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने लाकूड घनफुटात विकायचं असतं, तोंडी मात्र सगळे कॉर्डच म्हणतात. अधूनमधून हौसेने पेटवणाऱ्याला त्याच्या चौथाईत एक हिवाळा निघतो.

लाकूड गावाबाहेरून आणू नका आणि गावाबाहेर नेऊ नका, हे आमच्या भागात नुसतं शहाणपण नाही, नियम आहे. २००८च्या ऑगस्टमध्ये वुस्टरमध्ये लांब मिशांचा, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला आशियाई भुंगेरा सापडला. तो मेपल, बर्च यांच्या खोडात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या झाड आतून पोखरतात. त्याला रोखायला इथली तीस हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली, सावलीचे रस्तेच्या रस्ते बोडके झाले. वुस्टर आणि आसपासच्या ११० चौरस मैलांत निर्बंध लागले, तिथलं जळाऊ लाकूड बाहेर न्यायला मनाई झाली. कॅम्पिंगला जाताना डिकीत चार ओंडके टाकून नेणं हे इथे साधं कृत्य नाही.

लाकडं जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, आणि रास घराच्या भिंतीला टेकवू नका, कारण वाळवी आणि मुंगळे लाकडाच्या रस्त्याने घरात येतात. घरात एका दिवसापुरतीच आणा.

काय जाळू नये याची यादी आपल्या घरांपुरती सांगते. मिठाईचे चंदेरी-रंगीत खोके, कुरियरचे पुठ्ठे, भेटवस्तूंचे कागद: यांचे पेटते पापुद्रे थेट धुराड्यात उडतात. रंगवलेलं, प्लायचं किंवा डेकचं जुनं लाकूड: २००३ सालाच्या शेवटापर्यंत अंगणातल्या डेकसाठी सर्रास मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असायचं. समुद्रकाठी सापडलेलं लाकूड, त्यात मीठ असतं. वाळलेलं ख्रिसमस ट्री तर अजिबात नको, ते जळत नाही, भडकतं. करवंट्या बघून माझाही हात शिवशिवतो, पण त्यांचा जाळ तेलकट आणि तिखट असतो, बंबाला ठीक, इथे नको. आणि रॉकेल, पेट्रोल, बार्बेक्यूचं द्रव यांतलं काहीही, थेंबभरसुद्धा नाही. गावी आपण चुलीत रॉकेलचा शिपका मारायचो हे खरं. तेव्हा भुवया जळलेल्या मावश्याही होत्या.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, फायरप्लेसमध्ये होम करावा का? माझं मत, नको. तुपाची धार पडली की जाळ एकदम उसळतो, आणि भटजींच्या उपरण्यासकट सगळे वाकलेले असतात. होमकुंड आणा, अंगणात करा.

पेटवणं

आजी बंब पेटवायच्या आधी दर वेळी विचारायची, "अगो, पाणी आहे का बघितलंस?" कारण रिकामा बंब पेटवला तर जोड सुटतात आणि तांब्याचा बंब कायमचा गळका होतो. आधी पाणी, मग आग. तसंच इथे.

डॅम्पर पूर्ण उघडा. मग एक उदबत्ती लावा आणि फायरप्लेसच्या तोंडाशी, वरच्या कडेजवळ धरा. हे माझं स्वतःचं यंत्र आहे, आणि याहून चांगलं मी बघितलेलं नाही. धुराची रेघ आत वळून वर गेली तर ओढ आहे. ती तुमच्याकडे आली तर थांबा. धुराड्यात थंड हवा बसली आहे, किंवा घरच हवा ओढतंय.

घर हवा ओढतंय म्हणजे काय, ते मला एका दिवाळीत कळलं. इथली घरं थंडीसाठी घट्ट बांधलेली असतात. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, वरचा एक्झॉस्ट फॅन जोरात चालू, खाली कपड्यांचा ड्रायर चालू. हे दोघे घरातली हवा बाहेर फेकत होते, आणि त्या बदल्यात हवा यायला एकच वाट मोकळी होती: धुराडं. बैठकीत बसलेल्या पाहुण्यांचे डोळे पाणावले, मला वाटलं गप्पा रंगल्या आहेत. तेव्हा जाळ चालू असताना फॅन आणि ड्रायर बंद, आणि फायरप्लेसच्या जवळची एक खिडकी इंचभर उघडी. तळण दुसऱ्या दिवशी.

ओढ नसेल तर वर्तमानपत्राची सैल सुरळी करा, जाड चामड्याचे हातमोजे घाला, ती पेटवून डॅम्परच्या खाली धरा. अर्ध्या-एक मिनिटात धुराडं 'हू' असा हलका आवाज करतं. तो आवाज आला की वाट मोकळी झाली. पुन्हा उदबत्ती.

आता रचणं. चुलीत आपण काटक्या खाली, जाड लाकूड वर, आणि लाकूड जसं जळेल तसं आत सरकवत जातो. फायरप्लेसमध्ये आजोबांनी मला उलटं शिकवलं, आणि पहिल्यांदा ते मला चेष्टा वाटली. जाळीवर सगळ्यात खाली मनगटापेक्षा जाड तीन ढलप्या, मध्ये बोटभर फट सोडून. त्यांच्यावर आडव्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या. त्यांच्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, बर्चची साल असेल तर ती. अगदी वर वर्तमानपत्राच्या चार गाठी. काडी वर लावायची, खाली नाही. जाळ दिव्यासारखा वरून खाली उतरत जातो. वरच्या ज्वाळेतून जाताना खालचा धूर जळून जातो आणि धुराडं लवकर तापतं. पाऊण तास हात लावावा लागत नाही. फुंकणीची सवय असलेल्या माझ्यासारखीला हा पाऊण तास फार जड जातो.

ज्वाळा डॅम्परच्या गळ्यात शिरण्याइतकी मोठी करू नका. तुमची होळी नाही ती. पुढची भर टाकताना एक-दोन ढलप्याच, आणि जाळीच्या मागच्या बाजूला टाका म्हणजे जळका ओंडका घरंगळून पुढे येत नाही.

जाळीचा पडदा कायम लावलेला. आमच्या काचेच्या दारांवर जाळ भरात असताना ती उघडी ठेवा असं लिहिलंय, कारण काच एकदम तापून तडकू शकते. तुमच्या दारांवर काय लिहिलंय ते वाचा. जाळ विझल्यावरही काच बराच वेळ भाजते, आणि रांगत्या मुलाची उंची नेमकी तेवढीच असते. फायरप्लेसपुढे जी दगडाची पट्टी असते ती शोभेची नाही. नियमाने ती समोर निदान १६ इंच आणि बाजूंना ८ इंच हवी, तोंड मोठं असेल तर २० आणि १२. ठिणगी तिथे पडून विझावी म्हणून ती आहे, तेव्हा तिच्यावर सतरंजी, उशी, खेळणी, रांगोळीचे डबे काही नको. बाकी जळणारं सगळं तीन फूट दूर. आणि पदर! आजी चुलीपुढे बसायच्या आधी पदर खोचायची, आम्ही ओढण्या आणि फ्लीसचे जॅकेट घालून लाकूड टाकायला वाकतो. फ्लीस म्हणजे प्लास्टिकच, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. सुती घाला, बाह्या वर करा, केस बांधा.

जाळाला एकटं सोडून वर झोपायला जायचं नाही. अमुक वाजता झोपायचं असेल तर त्याच्या दोन तास आधी शेवटचं लाकूड.

एक खरं सांगायला हवं. या सगळ्या खटाटोपातून घर फारसं तापत नाही. उघडी फायरप्लेस तुम्हाला पुढून शेकते आणि घराची गरम हवा मागून वर ओढून नेते. त्यातून थर्मोस्टॅट त्याच खोलीत असला तर हीटरला वाटतं घर ऊबदार आहे, आणि वर मुलांच्या खोल्या गारठतात. आमच्याजवळच्या वूबर्न गावी १७५३ साली जन्मलेल्या बेंजामिन थॉमसनने, ज्याला पुढे काउंट रम्फर्ड म्हणू लागले, १७९०च्या दशकात यावर डोकं चालवलं. त्याने फायरप्लेस उथळ केली, बाजू तिरक्या केल्या, गळा अरुंद केला, म्हणजे आच खोलीत फेकली जाईल. जुन्या घरात अशी उथळ फायरप्लेस दिसली तर ती चुकून तशी बांधलेली नाही, जपा. थंडीत रोजच लाकडावर घर तापवायचं असेल तर बंद लोखंडी स्टोव्ह घ्या. फायरप्लेस गप्पांसाठी.

रात्र

हा भाग दोनदा वाचा.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत रात्री अकरा वाजता ज्वाळा विझली होती, धूर नव्हता, नुसते लाल निखारे. धुराड्यातून गार वारा उतरत होता. नवरा म्हणाला, आग तर विझली, आणि त्याने डॅम्पर बंद केला. रात्री दोन वाजता जिन्यातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. आम्ही लेकीला उचलून पायजम्यावर बर्फात बाहेर आलो, गाडीत बसून ९११ लावला. अग्निशमन दलाच्या माणसांनी यंत्राने मोजलं, घर मोकळं केलं, आणि एकाने फक्त निखाऱ्यांकडे बोट दाखवलं.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. फायरप्लेसमधले निखारे म्हणजे तीच शेगडी. धूर दिसत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते, उलट धुमसत्या निखाऱ्यांतून हा वायू जास्तच येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, ताप नसलेला फ्लू वाटतो, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही.

म्हणून डॅम्पर दुसऱ्या दिवशी, राखेत सळई फिरवून एकही लाल ठिपका दिसत नाही आणि वर हात धरल्यावर ऊब लागत नाही, तेव्हाच बंद. रात्रभर थोडी ऊब गेली तर जाऊ दे.

अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत. २००५च्या जानेवारीत प्लिमथमध्ये बर्फाने हीटरची बाहेर जाणारी नळी बुजली आणि सात वर्षांची मुलगी या वायूने गेली. त्यानंतर झालेल्या कायद्याने ३१ मार्च २००६पासून इथल्या घरांत हे अलार्म सक्तीचे झाले. अलार्मच्या पाठीवर तारीख असते. पाच ते दहा वर्षांत तो म्हातारा होतो, बॅटरी बदलून तरुण होत नाही. नवीन घ्या.

धुराड्यात आग लागली तर ती कानाला आधी कळते: आगगाडी किंवा विमान जवळून जावं तसा घरघराट, तडतड, बाहेरून बघितलं तर वर ज्वाळा. लगेच सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच ९११. बाहेर पडता पडता काचेची दारं हाताशी असतील तर लोटा, हवा तुटते. पाणी मुळीच ओतू नका, तापलेल्या विटा फुटतात आणि वाफेने तुम्ही भाजता. अग्निशामक यंत्र बाहेर जायच्या वाटेवर टांगा, फायरप्लेसला चिकटून नको, नाहीतर ते घ्यायला आगीतच हात घालावा लागेल. एकदा अशी आग लागून गेली की, आवाज आपोआप थांबला असला तरी, तपासणीशिवाय पुढची काडी नाही.

माझी भाची कॅलिफोर्नियात बे एरियात असते. तिथे हवा खराब असेल त्या दिवशी 'स्पेअर द एअर' जाहीर होतं आणि लाकूड जाळायला बंदी असते. लंडनच्या मंडळींकडे धूरनियंत्रण क्षेत्रं आहेत, तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड चालत नाही. आपल्या गावचा नियम बघून घ्या. आणि घरात कुणाला दमा असेल तर नियम नसला तरी नको.

राख

गावी रात्री जेवणं झाली की आजी चुलीतले निखारे एका बाजूला ओढायची आणि त्यांच्यावर राख लोटायची. सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळा उघडा असायचा. दोन काटक्या, फुंकणीची एक फुंकर, आणि चूल पेटली. काडेपेटी लागायची नाही. त्याच फुफाट्यात आम्ही रताळी भाजायचो. राखेखाली विस्तव राखतात, हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होतं.

आणि तरी इथे, जाळ केल्यावर तिसऱ्या दिवशी, तांब्याचा कलश घासायला म्हणून मी राखेत सरळ हात घातला. वरची राख गार होती, बर्फासारखी. बोटभर खाली निखारा होता. अंगठ्याजवळचा डाग अजून दिसतो. फायरप्लेसमधले निखारे राखेखाली चार दिवस जिवंत राहू शकतात. इथे दर हिवाळ्यात कुणाचं तरी डेक किंवा गॅरेज जळतं ते बहुधा यामुळेच. माणसाने 'विझलेली' राख कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात भरलेली असते, आणि वाऱ्याने निखाऱ्याला फुंकर घातलेली असते.

पत्र्याची, घट्ट झाकणाची बादली घ्या, तळाला पाय असलेली, म्हणजे खालचं लाकूड तापत नाही. राख लोखंडी फावड्याने भरा, व्हॅक्यूमने कधीही नाही, साधा व्हॅक्यूम आत निखारा ओढून स्वतःच पेटतो. भरलेली बादली घरापासून दहा फूट दूर, सिमेंटवर किंवा मातीवर, डेकवर नको, गॅरेजमध्ये नको. शंका असेल तर बाहेर नेल्यावर पाणी घालून ढवळा. फायरप्लेसमधली सगळी राख काढू नका, इंचभर थर राहू द्या. पुढच्या जाळाला खालून ऊब मिळते.

माझी बादली आठवडाभर तशीच बाहेर असते. मग त्यातली थोडी फेब्रुवारीत बर्फ झालेल्या पायऱ्यांवर जाते, पाय घसरत नाही. उरलेली एप्रिलपर्यंत कोरडी ठेवते. न्यू इंग्लंडची माती आंबट, राख तिचा आंबटपणा मारते. मेथीच्या वाफ्याला मूठभर पुरते. शेजारच्या आजोबांच्या ब्लूबेरीला मात्र चुकूनही नाही, तिला आंबटच माती लागते. एका वर्षी मी त्यांच्या अंगणात उपकाराच्या भावनेने पसरून आले होते, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी मला ब्लूबेरीच्या झुडपाची पिवळी पडलेली पानं एकेक करून दाखवली.